ट्रॅकवरची माझी स्विफ्ट

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सुचवलं होतं की मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलावं. त्यावर बोलणारे आज प्रत्येक घरात दोन-दोन आहेत, म्हणून मी दुसरा विषय मागून घेतला. माझ्याकडे २०१४ सालची पेट्रोल स्विफ्ट आहे. आठवडाभर ती मला ऑफिसला नेते, रविवारी मंडईत नेते, आणि वर्षातून एक-दोनदा रेसिंग ट्रॅकवर जाते. तिची निगा कशी राखते आणि ती राखताना काय कळलं, एवढंच सांगणार आहे. वेळेची घंटा बाईंच्याच हातात दिलेली आहे, तेव्हा लांबवायची माझी हिंमत नाही.

'ट्रॅक डे' म्हणजे शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं. ठरावीक फी भरायची, हेल्मेट घालायचं, गाडीची तपासणी करून घ्यायची आणि पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये आपली गाडी बंदिस्त ट्रॅकवर चालवायची. समोरून कोणी येत नाही, मध्येच कुत्रं येत नाही, पाणीपुरीची गाडी लागलेली नसते. पुढच्याने हाताने खूण केल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही, पिवळा झेंडा दिसला की वेग कमी, लाल दिसला की सावकाश आत. नियम मोडला तर काळा झेंडा दाखवून बाहेर काढतात. आपल्या शाळेच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला तिथे अजिबात परकं वाटत नाही.

मी बहुतेक वेळा कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेला जाते. हा २.१ किलोमीटरचा ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाने आहे. त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चं इंजिन वापरून 'फॉर्म्युला मारुती' ही छोटी रेसिंग कार तयार केली आणि मध्यमवर्गीय मुलांना परवडेल अशी शर्यत आपल्याकडे आणली. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील टेल्कोत नाहीतर बजाजमध्ये होते. एआरएआय १९६६ पासून आपल्याच शहरात गाड्या तपासते, वेताळ टेकडीवर फिरायला जाताना ती आपण रोज पाहायचो. एवढं गाड्यांचं गाव, पण मला चालवायला जावं लागतं सुमारे १२०० किलोमीटरवर! सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम करत मी तीच गाडी चालवत जाते आणि तीच चालवत परत येते.

गाडीत काय बदल करायचे, हे या परतीच्या प्रवासाने ठरवलं. ट्रॅकवर एक सेकंद वाचवणारी, पण हुबळीच्या अलीकडे बंद पडणारी गाडी मला नको आहे. दुसरी मर्यादा कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे फटाक्यासारखा आवाज करणारा सायलेन्सर, बाहेर डोकावणारी रुंद चाकं, बदललेलं इंजिन यांतलं काहीही माझ्या गाडीत नाही. विम्याचंही लक्षात ठेवा. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी बसत नाही. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपला.

मग केलं काय? ब्रेकचे चांगले डिस्क पॅड, चांगलं ब्रेक ऑइल, कंपनीने दिलेल्या मापाचेच पण चांगल्या पकडीचे टायर, नवे शॉकअप आणि नीट अलाइनमेंट. बस. सगळं नाना पेठेत आणि आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये झालं. मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, सगळे येतात ते पिकअप वाढवा म्हणतात. तुम्ही एकट्याच थांबायचं बोलताय."

थांबायचं का, ते आपल्याला नववीत शिकवलं होतं. सर समोरच बसलेत, नाव घेतलं तर उभं करून उत्तर विचारतील. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. माझी गाडी माझ्यासकट साधारण १००० किलो. सरळ रस्त्याच्या शेवटी १२० चा वेग वळणासाठी ५० वर आणायचा, तर ब्रेकला सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. घरगुती हिशेबात सांगायचं तर जवळजवळ दीड लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता, आणि तीही चार-पाच सेकंदांत. अशी जोरदार ब्रेक लावायची वळणं प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा येतात.

ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये आणि पॅडमधून ब्रेक ऑइलमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. 'डॉट ४' प्रकारचं कोरं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसं पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे तुम्ही पेडल दाबता आणि दाबली जाते ती फक्त वाफ. चाकापर्यंत दाब पोचतच नाही.

मी हे अनुभवलं आहे. एका वर्कशॉपच्या बिलावर 'ब्रेक ऑइल बदलले' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पैसेही लावले होते. ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत सरळ रस्त्याच्या शेवटी पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. पाय उचलून दोनदा पेडल मारलं, गियर उतरवत वेग मोडला, हात वर करून बाहेर आले. गाडी निवल्यावर कॅलिपरचा नट सैल केला. कोरं ऑइल फिकट मधासारखं असतं. बाहेर आलं ते कोऱ्या चहासारखं होतं. डबीत वरून नवं ओतलं होतं, आतलं वर्षानुवर्षांचं तसंच होतं.

त्या दिवसापासून ब्रेकचं काम मी स्वतः करते. मिस्त्री पेडल दाबतात, मी खाली बसून नट उघडते आणि बंद करते. माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. कुठलं काम, कुठल्या तारखेला, किती किलोमीटरला, कोणी केलं आणि कोणी पाहिलं, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना महत्त्वाचा. चाकाचे नट मी टॉर्क पान्याने आवळते, मिस्त्री तपासतात आणि प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढतात. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. सॉफ्टवेअरमध्ये एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तिथे हे चुकलं तर आमचं एखादं पान उघडत नाही. इथे काय होईल ते सांगायला नको.

ट्रॅक डे झाल्यावर इंजिन ऑइल बदलायचं, पॅडची जाडी मोजायची, टायरवरून हात फिरवायचा. शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश मारायची, म्हणजे वाऱ्याने डिस्क निवतात. गरम ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गियरमध्ये उभी करायची. प्रवास, फी, टायर-पॅडची झीज धरून एका खेपेला माझे ४०-४५ हजार जातात. आमच्या घरात या आकड्यावर दर वेळी चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी.

आणि गाडीपेक्षा मोठा भाग माणसाचा. एकदा तिथल्या प्रशिक्षकांनी माझीच गाडी, त्याच टायरवर, त्याच दुपारी चालवली आणि माझ्यापेक्षा चार सेकंद कमी वेळात फेरी मारली. चार सेकंदांचे सुटे भाग नाना पेठेत मिळत नाहीत. आपल्या पुण्याच्या डायना पंडोल या शिक्षिका आहेत, दोन मुलांची आई आहेत. २०२४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद मिळवलं. असं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. "बायकांना गाडी जमत नाही" म्हणणाऱ्यांना मी आता एवढंच एक नाव सांगते.

तुम्ही म्हणाल, आम्ही कशाला ट्रॅकवर जातोय! नका जाऊ. पण कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरता ना? तिथे अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन किती जीव गेले, ते आपण दर काही महिन्यांनी पेपरात वाचतो. कारण तेच, पॅडला आणि लायनरला न झेपणारी उष्णता. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गियरमध्ये घाट चढता, त्याच गियरमध्ये उतरा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, आणि बदलताना समोर उभे राहा.

शेवटचं सांगते. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी लायसन्स काढेल. तुमच्यातल्या बहुतेकांची मुलं याच वयाच्या आसपास आहेत. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही माझ्याच क्षेत्रातले. त्या आठवड्यात ऑफिसात कोणाचं कामात लक्ष नव्हतं. वेगाची ओढ वाईट नाही, ती मलाही आहे. पण वेग काय मागतो, हे कळल्याशिवाय किल्ली हातात देऊ नये असं मला वाटतं. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ५० च्या वेगात पूर्ण ब्रेक लावला तर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते, १०० ला ४९ मीटर लागतात. त्याआधी ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरा, तर १०० ला एकूण ७७ मीटर होतात. हे मुलाला सांगून पटलं नाही. रिकाम्या ट्रॅकवर शेजारच्या सीटवर बसवून खडू मारलेल्या रेघेपाशी ब्रेक लावला, आणि मग त्याला खाली उतरून ते अंतर पावलांनी मोजायला लावलं. तेव्हा पटलं. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता, आणि नंतर त्याने पहिला प्रश्न विचारला तो आमच्या गाडीच्या ब्रेकबद्दल.

म्हणून एक निमंत्रण देते. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ ते अकरा मी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये असते. तुमच्या मुलामुलींना पाठवा, तुम्हीही या. जॅक कुठे लावायचा, पॅड किती झिजला, ऑइलचा रंग कसा ओळखायचा, हे तीन तासांत येतं. हात काळे होतील, जुने कपडे घालून पाठवा. चहा मिस्त्रींचा, बिस्किटं माझी.

बाईंचा हात घंटेकडे गेलेला दिसतोय. थांबते.