घोडी घेऊन माळेगावला निघालात, तर परभणी जिल्ह्यात मुक्काम कुठे टाकाल?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातल्या पुनरुक्त्या काढल्या आहेत, बाकी भाषा बोलल्याप्रमाणेच ठेवली आहे.)

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा निरोप आला. चार मित्र आहेत, पाच घोडी आहेत, आणि यंदा पिकअपमध्ये न घालता परभणीपासून माळेगावच्या यात्रेपर्यंत घोड्यांवर बसून जायचंय. त्यांनी विचारलंय की वाटेत कॅम्पिंगच्या जागा कुठे आहेत, इंटरनेटवर तर काहीच सापडत नाही.

सापडणारच नाही. महाबळेश्वरला, पवनेला टेंट लावून देणारे आहेत. परभणी जिल्ह्यात घोडा बांधता येईल, त्याला पाणी-वैरण मिळेल अशी पाटी लावलेली एकही जागा माझ्या माहितीत नाही. पण घोड्यांचे मुक्काम या भागात शेकडो वर्षं पडत आलेत. हिंगोलीला निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती, तिथे घोडदळ असायचं. आणि हिंगोली १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. मेंढपाळांचे वाडे तर आजही तट्टांवर संसार लादून फिरतात. म्हणजे जागा आहेत, फक्त त्या नकाशावर नाहीत. त्या कशा ओळखायच्या, यावरच आज बोलू.

आधी वाट बघा. परभणी, पोखर्णी, गंगाखेड, पालम, लोहा आणि मग माळेगाव. सगळं मिळून शंभर-सव्वाशे किलोमीटर. घोड्याला सवय असेल तरी दिवसाला पंचवीसच्या वर जाऊ नका, म्हणजे चार-पाच दिवस धरा. यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते, म्हणजे डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारीची सुरुवात. हा महिना का महत्त्वाचा, तर त्या वेळी रानात काय उभं आहे आणि काय निघालं आहे, यावरच तुमची जागा ठरते.

आता मुख्य गोष्ट. नवखा माणूस आधी सावली बघतो, नदी बघतो, फोटो कुठे छान येईल ते बघतो. घोडेवाला आधी माती बघतो. आपला जिल्हा काळ्या मातीचा. कापसाला, ज्वारीला ती सोनं आहे, घोडा बांधायला मात्र वाईट. कोरडी असली की भेगा पडतात, खुंटी हातभर ठोकली तरी रात्री दोन हिसक्यांत उपटून येते. आणि अवकाळीची एक सर आली, तर खूर रुततो, नाल निघून जाते, आणि सकाळी तुमची गाडी काय, माणूससुद्धा बाहेर निघत नाही. म्हणून काळ्या रानात तळ टाकायचा नाही. मुरमाड माळ, बरड शोधायचं. गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाचे फाटे सुरू होतात, राणीसावरगावच्या बाजूला असे माळ भरपूर आहेत. उत्तरेकडून, जिंतूरच्या बाजूने येणार असाल तर तिथेही डोंगराळ जमीन आहे. अडचण मधल्या पट्ट्यात, परभणी ते गोदावरी, तिथे माळाचा तुकडा शोधून काढावा लागतो.

मुरमात लोखंडी खुंटी, निदान दीड फूट. आगाडी-पिछाडी दोन्ही बांधा. नुसत्या म्होरकीवर घोडा रात्रभर सोडू नका. दोन घोड्यांत दहा-बारा फूट अंतर हवं. आणि घोडा व घोडी एकत्र असतील तर घोडी वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, लांब. या दिवसांत यात्रेला जाणारी दुसरी घोडीही त्याच रस्त्याने असतात. रात्री दोनला एखादी घोडी रस्त्याने गेली की तुमचा घोडा खुंटीसकट तिच्या मागे, हे लक्षात असू द्या.

दुसरं पाणी. एका घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं. पाच घोडी धरली तर पावणेदोनशे लिटर धरून चला, ते बाटल्यांनी होत नाही. लोक म्हणतात, गोदावरी आहे की! आहे. पण आता तिच्यावर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या फुगवट्यात काठावर गाळ साचतो. वरून पापुद्रा सुकलेला दिसतो आणि खाली गुडघाभर चिखल. जिथे वाळू उपसलीय तिथे अचानक खड्डे. घोडा पाण्याला उतरवायचा तर जिथे गावची गुरं रोज उतरतात तिथेच, खुरांच्या खुणा बघून. गंगाखेडला दगडी घाट आहेत, संत जनाबाईंचं गाव ते, लोक तिथे स्नानाला येतात. तिथे घोडी नेऊ नयेत, सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

खरं तर नदीपेक्षा हाळ बरा. विहिरीजवळ गुरांसाठी बांधलेला तो दगडी किंवा सिमेंटचा लांबट हौद. जुन्या वाटेवरच्या गावात तो असायचाच. आता विहिरींच्या जागी बोअर आले, मोटार थेट पाइपात पाणी सोडते, आणि हाळ कोरडे पडलेत. काहींत तर कचरा आहे. हे माझ्या मते या प्रवासातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे. गायरान गेल्याबद्दल निदान चर्चा होते, हाळाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ज्या गावात भरलेला हाळ आहे, तिथे मुक्काम पक्का समजा.

पण थांबा, हाळावर एक मोठी अट आहे. ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा, गाढवांचा, खेचरांचा रोग आहे. जिवाणूंमुळे होतो, माणसालाही होऊ शकतो, आणि तो पसरतो तो एकाच हौदात तोंड घातल्याने, एकाच तोबऱ्याने. महाराष्ट्रात तो अधूनमधून निघालेला आहे. कायद्याने तो कळवावाच लागतो, त्यावर उपचार करत नाहीत. रक्ततपासणीत निघाला तर घोडा दयामरणाने संपवावा लागतो. सरकार भरपाई देतं, पण तुम्ही लहानाचा मोठा केलेला घोडा त्या पैशात परत येत नाही. म्हणून हाळातलं पाणी आपल्या बादलीने काढा आणि आपल्या बादलीतूनच पाजा. यात काही सोवळेपणा नाही. एखाद्या घोड्याच्या नाकातून चिकट शेंबूड येतोय, पायावर गाठी दिसताहेत, तर त्या तळापासून लांब जा आणि पशुवैद्यकांना सांगा. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे, आणि परभणीत तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. निघण्याआधी तिथे घोडी दाखवून, ग्लँडर्सची तपासणी कशी करायची ते विचारून घ्या, धनुर्वाताची लसही बघा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि तुम्ही पाच दिवस खिळे, तारा, काचांतून जाणार आहात.

तारांवरून आठवलं. रोही आणि रानडुकरांसाठी आता शेताशेताला झटका मशीनची तार असते. झटक्याने घोडा मरत नाही, पण बुजून दावं तोडतो. काही ठिकाणी मात्र लोक थेट लाइटची तार सोडतात. बेकायदा आहे, जीवघेणं आहे, आणि दिवसा दिसत नाही. ज्यांच्या शेजारी उतरणार त्यांना स्पष्ट विचारा, “मामा, रातच्याला तार सोडता का?” हा प्रश्न विचारायला लाजायचं नाही.

आता परवानगी. तिसरी गोष्ट, पण वेळ हिच्यातच सगळ्यात जास्त जातो. माळ दिसला म्हणजे तो मोकळा आहे असं नसतं. सातबारा ऑनलाइन बघता येतो, गावनकाशाही. त्यात सरकारी गायरान कोणता गट ते कळतं. पण कागदावर गायरान असलेल्या जागेवर प्रत्यक्षात एखादं कुटुंब तीस-चाळीस वर्षं ज्वारी पेरत असतं. मराठवाड्यात भूमिहीनांच्या, त्यातही दलित कुटुंबांच्या गायरान हक्काचा मोठा लढा झालाय, दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारने १९९१ मध्ये घेतला, तरी किती जणांच्या नावावर सातबारा नाही. तेव्हा शहरातून येऊन, मोबाइलवर नकाशा दाखवून, “ही तर सरकारी जमीन आहे” असं म्हणत त्यांच्या तासात घोडी घालू नका. ज्याच्या हातात नांगर आहे त्याला विचारा, मग सरपंचांना आणि पोलीस पाटलांना कळवा.

पाटलांना का, तर रात्री अनोळखी माणसं, घोडी, शेकोटी दिसली की गावात फोनाफोनी सुरू होते. चोर आलेत ही अफवा पसरायला अर्धा तास पुरतो. पाटलांना अंधार पडायच्या आत नावं सांगितली की तोच फोन तुमच्या बाजूने होतो.

हे सगळं पाच घोडी मागे थांबलेली असताना होत नाही. एक माणूस मोटारसायकलवर एक दिवस पुढे पाहिजे. मराठी फौजांचा पेशखाना असायचा, तंबू पुढच्या मुक्कामावर आधी जाऊन पोचायचे. आणि वैरण आणायला कही निघायची. तेच करायचं, फक्त स्प्लेंडरवर. त्या माणसाने गावात जाऊन काय विचारायचं? “कॅम्पिंगला जागा आहे का” असं विचारलं तर लोक शाळा दाखवतात. शाळेच्या मैदानात, खळ्यावर घोडी बांधू नका, लिदीतून धनुर्वाताचे जंतू जातात, पोरं तिथे खेळतात. त्याऐवजी विचारायचं, “मेंढरांचा वाडा कुठं उतरतो?” हा एक प्रश्न माझ्या लेखी सगळ्या ॲपपेक्षा मोठा. मेंढपाळ जिथे दरवर्षी उतरतात तिथे पाणी जवळ असतं, जमीन निचऱ्याची असते, मालकाची हरकत नसते आणि वाराही अडलेला असतो. त्या वर्षी वाडा आधीच उतरलेला असेल तर त्यांच्यात घुसू नका, पण जवळपास कुठे जमेल ते तेच सांगतील. आणि त्यांची कुत्री बांधायला सांगा, नाहीतर घोडी आणि कुत्री दोघंही रात्रभर झोपणार नाहीत.

पिकाचं रान निघालेलं असेल, म्हणजे सोयाबीन काढून तसंच पडलेलं, तर शेतकरी बहुधा हो म्हणतो. लीद कुठे टाकायची ते त्याला विचारा. कोणाला ती रानात हवी असते, कोणी म्हणतं उकिरड्यावर टाका, तणाचं बी येतं. पैसे द्यायचे का? द्या, पण वैरणीचे म्हणून द्या. जागेचे म्हणून दिले की कित्येक जणांना राग येतो.

वैरणीबद्दल थोडक्यात. कडबा सगळीकडे मिळतो, कुट्टी करून घ्या. चंदी मात्र घरूनच न्या, भिजवलेले हरभरे जे रोज देता तेच. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं चुकीचं खाणं पोटशूळच करतं, आणि मध्यरात्री पालमच्या माळावर पोटशूळ म्हणजे घोडा हातचा गेला समजा. खरिपाची ज्वारी कापल्यावर खोडांना फुटवे येतात, हिरवेगार दिसतात, त्यात विष असतं. गुरांना किराळ लागते म्हणतो ना, ते. घोड्यालाही ते नकोच. गंगाखेड, पाथरीकडे ऊसतोड चालू असते, वाढे फुकट मिळतात. एखाद्या वेळी मूठभर चालतील, त्यावर मुक्काम काढू नका. कापसाच्या रानात चरायला सोडूच नका, फवारणी कधी झाली ते कळत नाही.

त्या उसाच्या ट्रॅक्टरमुळेच अंधारात रस्त्यावर राहू नका. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. चारच्या आत मुक्काम गाठा. पोखर्णीला नृसिंहाचं देवस्थान आहे, परभणीपासून अर्ध्या दिवसाची मजल, पहिल्या दिवशी तिथेच थांबलेलं बरं. देवळाच्या माणसांना विचारून गावाबाहेर जागा बघा. आणि खोलगट जागा, ओढ्याचा काठ टाळा, परभणीची थंडी कधीकधी पाच-सहा अंशांच्या खाली जाते, ती सगळी खाली येऊन बसते. झूल विसरू नका.

माळेगावला चतुर्दशीच्या दोन दिवस आधी पोचा. घोड्यांच्या बाजारात जागा लवकर भरते, आणि तिथे सगळ्या राज्यांतली जनावरं एकमेकांना खेटून असतात, म्हणून बादलीचा नियम तिथे दुप्पट पाळायचा. आणि वाटेत तुम्हाला पाण्याने भरलेला हाळ कुठे दिसला, तर गावाचं नाव आणि कोणत्या बाजूला तेवढं आम्हाला कळवा. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी यादी करतोय. बाजारातले सौदे, खोडी, भोवरे, दात बघणं, ते पुढच्या भागात. भेटू.