हॉटेलात विचारायचा एक प्रश्न

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "जपानबद्दल बोल, पण कंप्युटर आणि बुलेट ट्रेन सोडून." म्हणून मुलं लहान असताना तिथे बाहेर जेवायला जाण्याबद्दल बोलते.

आपल्या लहानपणी हॉटेल म्हणजे एस.टी. स्टँडसमोरचं. आत पडदा लावलेली 'फॅमिली रूम', बायका-पोरांची रवानगी तिथे. एका मिसळीत दोघा भावंडांनी भागवायचं, आणि पाव जास्तीचा मागितला की वडील खिसा चाचपायचे. मुलांसाठी वेगळं काही मागवतात हे आपल्याला माहीतच नव्हतं.

आम्ही टोकियोत निशी-कसाईला राहायचो. 2000 च्या आगेमागे भारतीय इंजिनियर तिथे मोठ्या संख्येने आले, त्यामुळे तूरडाळ, हिंग, पोहे चालत जाऊन आणता येतात. पण दोन लहान मुलं, नोकरी, आजी-आजोबा हजारो मैलांवर. रविवारी चूल बंद ठेवायला बाहेर जेवणं हाच उपाय होता.

तिथे 'फॅमिली रेस्टॉरंट' नावाचा प्रकार आहे, लोक त्याला 'फामिरेसु' म्हणतात. दारात काचेच्या कपाटात पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात. भाषा येत नसली तरी बोट दाखवून काम होतं. बसल्याबसल्या हात पुसायला ओलं फडकं, बर्फ घातलेलं पाणी (भर थंडीतसुद्धा!) आणि न मागता मुलांसाठी उंच खुर्ची, छोटा चमचा, छोटी वाटी. 'ओकोसामा रांची' म्हणजे मुलांचं ताट. भाताची छोटी टेकडी, वर कागदी झेंडा. हे ताट 1930 मध्ये टोकियोतल्या मित्सुकोशी या डिपार्टमेंट स्टोअरच्या उपाहारगृहात सुरू झालं, मंदीच्या दिवसांत. आमची थोरली तो झेंडा आधी खिशात घालायची, मग जेवायची. घरी डबाभर झेंडे साठले होते.

पट्ट्यावर फिरणारी सुशी मुलांची दुसरी आवडती जागा. 1958 मध्ये ओसाकाच्या बाजूला एका हॉटेलवाल्याने बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा सरकता पट्टा पाहून ती सुरू केली. माझ्यातल्या इंजिनियरला हे फार आवडतं. मी शाकाहारी, त्यामुळे माझ्या वाट्याला काकडीचे रोल आणि तळलेले बटाटे. शाकाहाराची तिथली खरी अडचण मांस ही नाहीच. "निकु नाशी", म्हणजे मांस नको, म्हटलं की ते मनापासून मांसाचे तुकडे काढतात. पण 'निकु'मध्ये मासा मोजत नाहीत, आणि सुक्या माशाचं 'दाशी' नावाचं पाणी सुपात, सॉसमध्ये, अंड्याच्या ऑम्लेटमध्येसुद्धा असतं. काय विचारायचं ते नेमकं विचारलं नाही, तर उत्तर खरं मिळूनही उपयोगाचं नसतं.

हे नेमकं विचारणं पुढे फार कामी आलं. धाकटा दीड वर्षाचा होता. घरून आलेल्या शेंगदाण्याच्या लाडवाचा कण त्याच्या तोंडात गेला आणि दहा मिनिटांत ओठ, डोळे सुजले, श्वासाला आवाज येऊ लागला. हॉस्पिटलात निदान झालं, शेंगदाण्याची अॅलर्जी. वजन पंधरा किलो झाल्यावर डॉक्टरांनी अॅड्रेनलिनचं इंजेक्शनचं पेन दिलं. ते तेव्हापासून माझ्या पर्समध्ये असतं, आत्ताही आहे.

आपल्या भागातल्या माणसाच्या मुलाला शेंगदाणा चालू नये, याला काय म्हणावं! जपानीत शेंगदाण्याला 'राक्कासेइ' म्हणतात, म्हणजे फूल गळून जन्मलेला. तो शब्द कळला तेव्हा मला आपला विज्ञानाचा तास आठवला. भुईमुगाचं फूल गळतं आणि आऱ्या जमिनीत शिरतात, हे सरांनी रोप उपटून आणून दाखवलं होतं.

तिथे पाकीटबंद पदार्थांवर ठरावीक अॅलर्जीकारक घटक छापावेच लागतात. अंडं, दूध, गहू, सोबा म्हणजे कुट्टू, शेंगदाणा, मग 2008 मध्ये कोळंबी आणि खेकडा आले, 2023 मध्ये अक्रोड धरून यादी आठची झाली. हॉटेलांना ही सक्ती नाही, तरी मोठ्या साखळी हॉटेलांत पदार्थ उभे आणि घटक आडवे असा तक्ता मिळतो. गोल म्हणजे 'आहे' की 'चालेल', हे खालच्या टिपेत आधी वाचायचं.

पण मला शिकवलं ते एका दहा खुर्च्यांच्या नूडल्सच्या दुकानाने. मी जपानीत लिहिलेलं कार्ड पुढे केलं. मालक ते वाचून आत गेला, परत आला आणि कमरेत वाकून म्हणाला, "एका सुपात शेंगदाणा आहे, आणि पळी सगळ्यांना तीच. तुमच्या मुलाला मी वाढू शकत नाही." मग समोरच्या गल्लीतल्या उदोनच्या दुकानाचा नकाशा त्याने कागदावर काढून दिला. गिऱ्हाईक हातचं घालवून त्याने नाही म्हटलं. त्या 'नाही'मुळे मी निर्धास्त झाले.

आता सुट्टीत इकडे येतो तेव्हा बघा. कांदेपोहे, साबुदाण्याची खिचडी, वांग्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, सगळीकडे दाणे नाहीतर कूट. हॉटेलात विचारलं, "रश्शात कूट आहे का?" तर उत्तर येतं, "नाही मॅडम." ताट येतं आणि वर कूट तरंगत असतं. तो पोरगा खोटं बोलत नसतो. मी चवीसाठी विचारतेय असं त्याला वाटतं, आणि आत आचाऱ्याला विचारायची पद्धतच नाही. घरच्या पंगतीत तर आणखी अवघड. "अगं, एवढ्याशाने काय होतंय? सवय लागेल की." प्रेमाने म्हणतात, म्हणून जास्त भीती वाटते.

आपल्या बॅचमधल्या तिघांची हॉटेलं आहेत, एकीची मेस आहे, एक जण लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेतो. त्यांना हात जोडून सांगते, तक्ते छापू नका, पण कुणी विचारलं तर वाढप्याला आत पाठवा आणि आचाऱ्याचं उत्तर बाहेर येऊ द्या. "माहीत नाही" म्हटलंत तरी चालेल, आम्ही डबा आणतो. आजच्या जेवणाचं कंत्राट घेतलेल्या आपल्या मित्राने परवा रात्री मला स्वतःहून फोन केला. आमटी आणि बटाट्याची भाजी बिनकुटाची, वेगळ्या पातेल्यात, वेगळी पळी. मुलगा आता बारा वर्षांचा आहे, तिसऱ्या रांगेत निळ्या शर्टात बसलाय. गुडदाणीचं ताट फिरायला लागलंय असं दिसतंय. ते जरा त्या रांगेच्या मागून न्या.