कंपवात आणि दृष्टि

कंपवात म्हटला कीं डोळ्यांपुढें थरथरणारा हात उभा राहतो. मंदावलेली चाल, बारीक होत गेलेलें अक्षर, भावशून्य चेहरा, हीं लक्षणेंहि आतां सुशिक्षित घरांस परिचित आहेत. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्यानें १८१७ सालीं या रोगावर निबंध लिहिला आणि पुढें त्याचेंच नांव रोगास मिळालें. परंतु हा रोग दृष्टीसहि सोडीत नाहीं, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानीं येते.

यवतमाळसारख्या शहरांत कोणत्याहि घरीं घडावा असा प्रकार घ्या. आजोबा सकाळीं वर्तमानपत्र उघडतात आणि दोन ओळी वाचून खालीं ठेवतात. अक्षरें दुहेरी दिसतात, ओळ सुटते, अशी त्यांची तक्रार असते. मुलगा त्यांना चष्म्याच्या दुकानीं नेतो. तेथें भिंतीवरील तक्त्याची शेवटची ओळहि ते बिनचूक वाचतात. नंबर बदललेला नसतो. “डोळे तर ठीक आहेत; बाबांचें वाचनांत मनच लागत नाहीं,” असा निकाल घरांत दिला जातो. या निकालानें वृद्धावर मोठा अन्याय होतो.

तो तक्ता दूर असतो आणि पांढऱ्यावर ठळक काळा असतो. कंपवातांत बिघडतें तें निराळेंच. डोपामिन नांवाचें जें द्रव्य मेंदूंत कमी पडल्यानें हात कांपतो, तेंच द्रव्य डोळ्यांतील दृष्टिपटलासहि लागतें. त्याच्या अभावीं फिकट व गडद यांतील भेद ओळखण्याची शक्ति क्षीण होते. पांढऱ्या ताटांतील भात किंवा तिन्हीसांजेची करडी पायरी, असूनहि नसल्यासारखी होते. जवळचें वाचतांना दोन्ही बुबुळें नाकाकडे वळावीं लागतात. तीं पुरेशीं वळलीं नाहींत म्हणजे एकाचीं दोन अक्षरें दिसतात. ओळ संपल्यावर दुसरीच्या आरंभीं दृष्टीनें उडी घ्यावयाची असते. ती उडी आंखूड पडते.

पापण्यांचेंहि असेंच. निरोगी मनुष्य मिनिटास साधारण पंधरा-वीस वेळां पापण्या लववतो. कंपवातांत हें प्रमाण पुष्कळ घटतें. डोळे कोरडे पडून चुरचुरतात आणि त्या चुरचुरीनेंच उलट पाणी वाहूं लागतें. वैशाखांत यवतमाळचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत कूलरचा झोत थेट तोंडावर घेतला कीं त्रास दुणावतो.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे भास. कोपऱ्यांत कोणी उभें आहे, अंथरुणावर मुंग्या आहेत, असें रुग्णास दिसतें. हें वेड नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच. रोगानें किंवा त्यावरील औषधांनीं तसें घडूं शकतें. परंतु लोक हंसतील या भीतीनें रुग्ण पत्नीजवळहि बोलत नाहीं, आणि औषधांत वेळीच फेरफार करण्याची संधि हुकते. ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या औषधानें बाहुली रुंदावते, जवळचें अंधुक दिसतें, आणि कांचबिंदूची प्रवृत्ति असल्यास धोका संभवतो.

पुष्कळदां डोळ्यांचे डॉक्टर यवतमाळास आणि मेंदूचे डॉक्टर नागपुरास असतात. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानीं घालणारा दूत म्हणजे घरचें माणूस. त्यानें नेत्रवैद्यास सर्व औषधें दाखवावीं आणि मेंदूच्या डॉक्टरांस दृष्टीची तक्रार व भास दोन्ही सांगावे. परभारें मात्र कोणतेंहि औषध बंद करूं नये.

उपाय पुष्कळसे साधेच आहेत. कोरडेपणास थेंब मिळतात. दुहेरी दिसण्यावर कित्येकांस विशिष्ट भिंगांचा उपयोग होतो. वाचण्याचा चष्मा वेगळा ठेवावा, कारण दुहेरी भिंगाच्या खालच्या भागांतून पायरी अंधुक दिसते. प्रकाश खांद्यावरून पुस्तकावर पडावा. पायरीच्या कडेस ठळक पट्टी लावावी, आणि पांढरा भात गडद ताटांत वाढावा.

पण या सर्वांच्या आधीं एक गोष्ट हवी, आणि तिला खर्च नाहीं. तक्ता वाचतां आला तरी “मला दिसत नाहीं” असें वृद्ध सांगतो, तेव्हां तें खरें मानावें. त्याच्या बोलण्यावर घरानें विश्वास ठेवला, तरच तो पुढचें सांगेल.