हरित विभागाचा फेरविचार आणि घरांची गरज

पुण्याभोवतीच्या राखीव टेकड्या आणि शेती विभागातल्या जमिनी घरांसाठी खुल्या कराव्यात का, हा वाद पाव शतकाहून जुना आहे. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले. राज्य सरकारने ते २०१५ मध्ये कायम केले. मोबदल्याचा प्रश्न मात्र भिजत पडला आणि उतारांवर अनधिकृत घरे चढत गेली. २०२५ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली या आरक्षणांचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली गेली. आरक्षण टाकायचे, जमीन ताब्यात घ्यायची नाही आणि अतिक्रमण झाले की तेच फेरविचाराचे कारण मानायचे, ही रीत जमिनीला आणि जमीनमालकाला सारखीच घातक आहे.

इंग्लंडमध्ये लंडनभोवतीच्या हरित पट्ट्याला १९३८ मध्ये कायद्याचा आधार मिळाला आणि १९५५ पासून हे धोरण इतर शहरांभोवती पसरले. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील सरकारने या पट्ट्यातील आधीच वापरून झालेली किंवा पट्ट्याचे हेतू फारसे न साधणारी जमीन ‘करडा पट्टा’ म्हणून वेगळी काढून घरांसाठी विचारात घेण्याचे ठरवले. जमीन कोणते काम करते ते पाहून निवाडा करण्याचे हे तत्त्व घेण्यासारखे आहे. इकडची परिस्थिती मात्र वेगळी आहे. इथला हरित विभाग म्हणजे एकर-दोन एकरांच्या खातेदारांचे पोट आहे.

पुणे जिल्ह्यातले आंबेगाव आणि जुन्नर हे तालुके पुणे महानगर प्रदेशाच्या हद्दीबाहेर आहेत, पण पुणे-नाशिक महामार्गाने महानगराची ओढ चाकण, राजगुरुनगर, मंचरपर्यंत पोचली आहे. घोड नदीच्या खोऱ्यातल्या निरगुडसरसारख्या गावांत शेती विभागाचा अर्थ ऊस, कांदा, बटाटा आणि तरकारी असा होतो. दिंभे धरणाचे पाणी येण्यापूर्वी या भागातली बरीच शिवारे पावसावर होती. त्या पाण्याची किंमतही मोठी होती. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगावच धरणात गेले. बुडालेल्या गावांच्या बदल्यात भिजलेली जमीन बंगल्यांच्या प्लॉटिंगखाली घालवणे म्हणजे विस्थापितांचा त्याग वाया घालवणे होय. लोणी-धामणीकडची कोरडवाहू जमीन आज पडीक दिसते म्हणून तीही सरसकट खुली करता येणार नाही. पाणी पोचल्यावर जिराईत रानाचे काय होते, याचा पुरावा घोडकाठीच आहे.

डोंगरउताराबाबत तर तडजोडीला जागा नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगावच्याच पश्चिम भागात मुसळधार पावसाने भिजलेला डोंगर माळीण गावावर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गेली. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नगररचनेचा नियम कागदावरचा अडथळा मानणाऱ्यांनी माळीण आठवावे. वाचलेल्यांना आमडे येथे नवी घरे मिळाली ती २०१७ मध्ये. सह्याद्रीच्या कुशीतल्या महादेव कोळी वाड्यांसाठी सुरक्षित जागा आपत्तीआधी राखून ठेवणे हीसुद्धा घरांची गरजच आहे.

खरी कोंडी गावठाणात आहे. भावकी वाढली, वाटण्या झाल्या, गावठाणाची हद्द मात्र तिथेच राहिली. म्हणून माणसे मळ्यात राहायला गेली आणि वस्त्या उसाच्या फडाला भिडल्या. बिबट्याने तोच ऊस घर केल्यामुळे जुन्नर-आंबेगावात विखुरलेल्या घरांची किंमत अंगणातली मुले आणि गोठ्यातली वासरे मोजतात. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला, प्रादेशिक योजनेत ती विकासयोग्य ठरवली असल्यास, अकृषिक वापराची वाट मोकळी झाली आहे. ही तरतूद आधी पुरती वापरली पाहिजे. वीज, पाणी, रस्ता तिथे जवळ असतो आणि घरे एकत्र राहतात. तुकडेबंदीमुळे गुंठा-दोन गुंठे कायदेशीर विकत घेता येत नव्हते. त्यातून गुंठेवारी फोफावली आणि २००१ मध्ये ती नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

त्यानंतरही जमीन कमी पडली तर फेरविचार गटवार व्हावा. सातबाऱ्यावर पोटखराबा वेगळा नोंदलेला असतो. त्यातील वर्ग ‘अ’ म्हणजे लागवडीस अयोग्य खडकाळ जमीन. तिची पाहणी पहिली करावी. वर्ग ‘ब’ मध्ये रस्ते, ओढे, नाले येतात आणि त्यांना हात लावू नये. गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा निर्णय आहे; गावाची सामायिक जमीन खासगी घरबांधणीला देण्याचा मार्ग त्याने जवळजवळ बंद केला आहे आणि ते योग्यच झाले.

घर कोणाला हवे, हेही याच पाहणीत नोंदवावे. महामार्गालगत आखले जाणारे एनए प्लॉट बहुधा शहरातल्या माणसाच्या दुसऱ्या घरासाठी असतात, तर गावात घरकुल मंजूर होऊनही जागा नसलेली कुटुंबे थांबलेली असतात. साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोड कुटुंबे कोप्यांत राहतात. हरित विभागातली जमीन वगळायचीच असेल तर या दोन गरजांचा हक्क पहिला, अशी अट वगळण्याच्या ठरावात असावी. वगळायच्या प्रत्येक गटाचा क्रमांक, माती, उतार आणि पाण्याची सोय यांचा तक्ता ग्रामसभेपुढे वाचला जावा. त्यावरच्या हरकतींची सुनावणी पुण्यात न ठेवता त्या गावच्या चावडीवर घ्यावी.