दोन भाव पुकारणारा जॉबर आणि संगणकाचे जाळे

शेअर विकावयास निघालेल्या माणसाला त्याच क्षणी तितकेच शेअर घेणारा दुसरा कोणी भेटेलच असे नसते, आणि ही अडचण भागविण्यासाठी मुंबईत दलाल स्ट्रीटवरील रिंगमध्ये, म्हणजे ज्या दालनात ओरडून सौदे होत तेथे, जॉबर हा वर्ग उभा राहिला. जॉबर आपल्या ठरावीक शेअरचे दोन भाव पुकारी, १०० ला घेईन आणि १०२ ला देईन, आणि मधली दोन रुपयांची तफावत ही त्याची मिळकत असे. ती फुकटची नव्हती, कारण घेतलेला माल अंगावर राहून भाव कोसळला तर तोटा त्याचाच होई.

ही तफावत अखेर कोणाच्या खिशातून जाई, हे बऱ्हाणपूरसारख्या गावाकडून पाहिले की स्पष्ट होते. येथील गुंतवणूकदाराचा सौदा गावातल्या उपदलालाकडून इंदूरच्या किंवा मुंबईच्या दलालाकडे, तेथून जॉबरकडे जाई. वाटेत प्रत्येकाचे काहीतरी निघे, आणि चिठ्ठीवर लिहून आलेला भाव त्या वेळी रिंगमध्ये खरोखर होता की नाही, हे ताडून पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नसे.

३ नोव्हेंबर १९९४ रोजी राष्ट्रीय शेअरबाजाराने, म्हणजे एनएसईने, शेअरचे व्यवहार सुरू केले ते रिंगशिवाय. उपग्रहाने जोडलेल्या पडद्यांवरून आलेल्या ऑर्डरी संगणक आधी भावाच्या आणि मग वेळेच्या क्रमाने जुळवी, त्यामुळे चांगला भाव देणारा पुढे आणि भाव सारखा असल्यास आधी आलेला पुढे, एवढाच नियम उरला, मग ऑर्डर मुंबईची असो वा तापीकाठच्या बऱ्हाणपूरची. दलाल स्ट्रीटवरील मुंबई शेअरबाजाराने, म्हणजे बीएसईने, मार्च १९९५ मध्ये बोल्ट ही संगणक प्रणाली आणली, तरी वर्षभरातच एनएसईची उलाढाल बीएसईच्या पुढे गेली.

संगणकामुळे मधल्या माणसाची तफावत घटण्याचे हेच चित्र अमेरिकेतही दिसले. तेथील नॅस्डॅक या शेअरबाजारात भाव डॉलरच्या आठव्या भागांत सांगितले जात, परंतु अनेक मोठ्या शेअरांत विषम अष्टमांश जवळजवळ येतच नाहीत, म्हणजे तफावत पाव डॉलरखाली सहसा उतरत नाही, हे क्रिस्टी आणि शुल्ट्झ या अभ्यासकांनी १९९४ मध्ये दाखविले. १९९७ च्या नियमांनी सामान्य गुंतवणूकदाराचा सरस भाव दाखविणे बंधनकारक झाले, आयलंड आणि इन्स्टिनेट यांसारख्या इलेक्ट्रॉनिक जाळ्यांतील भाव सर्वांसमोर आले आणि तफावती आक्रसल्या.

हा लाभ खरा आहे आणि तो नि:संकोच मान्य केला पाहिजे. परंतु जॉबरच्या मिळकतीबरोबर त्याचे उभे राहणेही गेले, याची चर्चा फार थोडी होते. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका दलालाकडून चुकून गेलेल्या सुमारे ६५० कोटी रुपयांच्या विक्रीच्या ऑर्डरींमुळे एनएसईचा निर्देशांक निफ्टी क्षणार्धात सुमारे ९०० अंशांनी घसरला, कारण समोरच्या बाजूला रचलेल्या खरेदीच्या ऑर्डरी एकामागून एक संपत गेल्या आणि नवा भाव पुकारण्याचे बंधन कोणावरच नव्हते. ज्या शेअरांत दिवसाकाठी मोजकेच सौदे होतात तेथे हीच गोष्ट लहान प्रमाणावर रोज घडते. मर्यादा न घालता ‘बाजारभावाने विका’ असे सांगणारा माणूस पायरी-पायरीने खालच्या भावांना माल देऊन बसतो.

ही उणीव नियामकांनाही उमगली आहे, म्हणूनच लहान व मध्यम उद्योगांच्या एसएमई बाजारात नोंदणीनंतर निदान ३ वर्षे दोन्ही बाजूंचे भाव देणारा मार्केट मेकर सक्तीचा आहे. मोठ्या शेअरांत मात्र जुन्या जॉबरचे काम आज वेगवान संगणकी कार्यक्रम करतात, बाजाराच्या यंत्रांशेजारीच आपली यंत्रे ठेवून क्षणांशाची आघाडी विकत घेतात, आणि वादळ दिसताच त्यांना निघून जाण्याची मोकळीक असते. जे बंधन एसएमई बाजारातल्या लहान मार्केट मेकरवर आहे, त्याचा काही अंश तरी ही आघाडी विकत घेणाऱ्यांवर घालणे न्याय्य ठरेल.