बिल आधी वाचा
(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नव्हे आणि वीज खात्यातला माणूसही नव्हे. शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवतो. मग हा विषय माझ्याकडे कसा आला, ते प्रथम सांगतो.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी एक गृहपाठ दिला. घरचे वीजबिल आणा आणि त्यावर काय काय छापले आहे ते वहीत लिहून काढा. संविधानातले मूलभूत हक्क धडाधड म्हणून दाखवणारी ही मुले, पण बिलावरचा ‘मागील रीडिंग’ आणि ‘चालू रीडिंग’ हा फरक एकालाही सांगता येईना. निम्म्याहून अधिक बिलांवर नाव त्या घरात राहणाऱ्या माणसाचे नव्हतेच. कुठे वारलेल्या आजोबांचे, कुठे घरमालकाचे, तर कुठे ज्याच्याकडून खोली घेतली त्याचे. नोंदवलेला मोबाईल नंबर बऱ्याच घरी आखातात नोकरीला असलेल्या वडिलांचा. हल्ली वीजबिलाच्या सूचना मोबाईलवर येऊ लागल्या आहेत. म्हणजे सूचना जाते कुवेतला आणि अंधार व्हायचा तो पनवेलला.

त्याच वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर थांबली. तिचे अब्बा परदेशी, आई शिवणकाम करते. उन्हाळ्यात तिघी मायलेकी गावी गेल्या होत्या आणि त्याआधीही मीटर कुलूपबंद जिन्याखाली असल्याने काही महिने रीडिंग मिळाले नव्हते. सरासरीची लहान लहान बिले येत राहिली. मग रीडिंग मिळाले आणि एकदम अकरा हजारांचे बिल आले. मोहल्ल्यातल्या एका ‘जाणकार’ गृहस्थाने तिच्या आईला सांगितले की आपा, उद्या सकाळी लाईनमन येऊन वायर कापणार. साहेबांना सांगून रक्कम कमी करून देतो म्हणून त्याने दोन हजार रुपये घेतले. पुढे त्याने त्याच बिलावरची वजावटीची एक ओळ बोटाने दाखवली आणि म्हणाला, बघा, झाले की नाही काम! ती ओळ बिल छापले गेले तेव्हापासूनच तिथे होती. साठलेली युनिटे मागच्या महिन्यांवर वाटून कमी दराचा जो लाभ ग्राहकाला मिळतो, तीच ती वजावट. दोन हजार रुपये त्या माउलीने केवळ न वाचण्यापायी दिले.

आता त्या ‘उद्या सकाळी’विषयी. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५६ सांगते की थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. इंग्रज अमदानीतल्या १९१० च्या कायद्यातसुद्धा सात दिवसांची नोटीस होतीच. तेव्हा ‘उद्या तोडतील’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा, नोटीस कुठे आहे? याच कलमात आणखी एक सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. बिलाविषयी वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरावी. वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. दोन वर्षांहून जुनी थकबाकी बिलात सतत दाखवत आलेली नसेल, तर तिच्यासाठीही वीज तोडता येत नाही. मात्र २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अजमेरच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की हिशेबातली चूक उशिरा सापडली तर त्या रकमेची मागणी करता येते; तोडण्याचे हत्यार तेवढे वापरता येत नाही. हा बारकावा ध्यानात ठेवावा, नाहीतर अर्धवट कायदा सांगून आपण कार्यालयात हसे करून घेऊ.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कलम ४३ प्रमाणे वीज मागण्याचा हक्क मालकाला आहे तसाच जागेत राहणाऱ्यालाही आहे. घरमालक ना हरकत दाखला देत नाही एवढ्याच कारणाने भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले आहे. आणि जे घर विकत घेत आहेत त्यांनी व्यवहारापूर्वी विजेची थकबाकी पाहावी. महाराष्ट्रातल्या नियमांनुसार आधीच्या मालकाची जास्तीत जास्त सहा महिन्यांची बाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. वारसाने आलेल्या घराला ही सहा महिन्यांची मर्यादा लागू नाही. आजोबांच्या नावाचे मीटर आजच आपल्या नावावर करून घ्या म्हणतो ते यासाठी.

गॅसचे थोडक्यात सांगतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते. टाकी १५.३ किलोची असेल तर भरलेली २९.५ भरली पाहिजे. वजन करून मागणे हा आपला हक्क आहे, त्यात डिलिव्हरीवाल्या पोराचा अपमान नाही. नवीन जोडणी घेताना शेगडी वितरकाकडूनच घेतली पाहिजे अशी सक्ती करता येत नाही; शेगडी आयएसआय मार्काची हवी, एवढेच. माझ्या लग्नानंतर जोडणी घेताना एका एजन्सीत शेगडीच काय, लायटर आणि चहाची पावडरसुद्धा माझ्या माथी मारली गेली. तेव्हा मी बी.एड. होतो, तरी गप्प बसलो. आणखी एक, नोंदलेल्या पत्त्यावर गॅसमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांनी उतरवलेला विमा असतो, त्याचा हप्ता ग्राहकाकडून वेगळा घेतला जात नाही. अपघात झाल्यास वितरकाला ताबडतोब लेखी कळवावे लागते. गळतीचा वास आला तर भाषण आठवत बसू नका, रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

तक्रार कुठे करावी? प्रथम संबंधित कार्यालयात, लेखी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेऊन. तोंडी तक्रारीचा पुरावा उरत नाही. तेथे दाद न लागल्यास विजेसाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल. वकील लावावा लागत नाही. गॅस असो वा वीज, सेवेतल्या त्रुटीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडेही जाता येते; आपल्या रायगडचा आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे फी नाही. पण कुणी आकडा टाकला असेल किंवा मीटरमध्ये हात घातला असेल, तर यांतला एकही दरवाजा त्याच्यासाठी उघडणार नाही. वीजचोरीचा गुन्हा वेगळ्या कलमाखाली, वेगळ्या न्यायालयात चालतो. आपल्याच वस्तीत हे घडते, म्हणून बोलतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले? बिलाची रक्कम बरोबरच होती. ती एका पैशानेही कमी झाली नाही. आम्ही मीटरवरचा आकडा स्वतः पाहून ताळा केला, तेव्हा तिच्या आईची खात्री पटली. मुलीने स्वतःच्या हाताने हप्ते मिळण्याबद्दल अर्ज लिहिला. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या मी तशाच राहू दिल्या. तीन हप्ते मिळाले आणि दिवा एक दिवसही विझला नाही. त्या गृहस्थाकडून दोन हजार मात्र अजून परत यायचे आहेत.

यापुढे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी शिक्षक खोलीत बसणार आहे. नववी-दहावीची चार मुलेही बरोबर असतील, अर्ज तीच लिहितील. येताना मागच्या वर्षभराची बिले आणा. फाटलेली असली तरी चालतील.