तेलाच्या नळाचा जमाखर्च

घरांतील नळाची तोटी फिरविली कीं पाणी येतें. तें किती कोसांवरून आलें आणि त्याची वाट बांधण्यास काय खर्च आला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. खनिज तेलाच्या नळाचें तसें नाहीं. देशाच्या एका टोकाचें तेल दुसऱ्या टोकास नळानें न्यावें कीं नाहीं, यावर मंत्री, व्यापारी आणि रेल्वेवाले आपसांत झगडत आले आहेत. या वादांतील दोन्ही बाजू पारखण्यास अमेरिकेंतील ‘बिग इंच’ नांवाच्या नळाचा इतिहास फार उपयोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील शहरांना लागणारें बहुतेक तेल टेक्साससारख्या दूरच्या प्रांतांतून जहाजांनीं येई. समुद्राचा रस्ता बांधावा लागत नाहीं आणि एक बंदर गैरसोयीचें झालें तर जहाज दुसरीकडे नेतां येतें. नळ एकदां पुरला कीं पुरला. त्याचा बहुतेक खर्च आधींच करावा लागतो आणि नळ अर्धा रिकामा वाहिला तरी व्याज पुरें द्यावें लागतें. शिवाय पहिलें पिंप पलीकडे पोंचण्यापूर्वीं सारा नळ तेलानें भरावा लागतो. बिग इंचच्या मुख्य मार्गाच्या पोटांतच तीस लाखांहून अधिक पिंपें तेल मावत असे. तें सारें अडकून पडलेलें भांडवल होय.

नळाच्या पुरस्कर्त्यांचा आधार भूमितीचा होता. व्यास दुप्पट केला तर नळाचें पोट चौपट होतें. जाडी तीच ठेवली तर पोलाद मात्र सुमारें दुप्पटच लागतें. म्हणून पूर्वींच्या बारीक नळांवरून मोठ्या नळाची परीक्षा करणें योग्य नव्हतें. अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इकीझ यांनीं हा पक्ष उचलून धरला. पण १९४१ मध्यें पोलादाची मागणी नाकारण्यांत आली. तें पोलाद इतर कामांना हवें होतें आणि जहाजें असतांना नळ कशाला, हा प्रश्न त्या वेळीं अडाणीपणाचा नव्हता.

१९४२ च्या आरंभीं जर्मन पाणबुड्यांनीं किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजें बुडविण्याचा सपाटा लावला, तेव्हां ‘फुकटच्या’ रस्त्याची खरी किंमत कळली. आगगाड्यांनीं मोठा भार उचलला, पण ती वाहतूक महाग होती. जूनमध्यें मंजुरी मिळाली, ऑगस्टांत काम सुरू झालें आणि वर्षभरांत २४ इंच व्यासाचा, १,२५४ मैलांचा नळ टेक्सासमधील लाँगव्ह्यूपासून पेनसिल्व्हेनियांतील फीनिक्सव्हिलपर्यंत पोंचला. तेथून न्यूयॉर्क व फिलाडेल्फियाकडे फांटे गेले. पैसा सरकारचा होता. रोज सुमारें ३ लाख पिंपें तेल त्यांतून जाऊं लागलें. शुद्ध केलेल्या तेलासाठीं २० इंची दुसरा नळही झाला. युद्ध संपेपर्यंत दोहोंनीं मिळून ३५ कोटींहून अधिक पिंपें तेल वाहिलें.

युद्ध संपतांच जहाजें मोकळीं झालीं आणि तेल पुन्हां समुद्रमार्गानें जाऊं लागलें. विरोधकांचा हिशेब शांततेच्या काळापुरता बरोबर ठरला. सरकारनें १९४७ मध्यें दोन्ही नळ सुमारें १४ कोटी ३१ लक्ष डॉलरांस विकले. बांधणीचा खर्च जवळजवळ तेवढाच होता. परंतु ही किंमत तेलाच्या आशेनें आलेली नव्हती. घेणाऱ्या कंपनीस त्यांतून नैसर्गिक वायु न्यावयाचा होता आणि त्यामुळें कोळसेवाले व रेल्वेवाले यांचा या व्यवहारास विरोध होता.

म्हणून अशा नळाचे दोन जमाखर्च वेगळे मांडले पाहिजेत. पहिला भाड्याचा: नळ रोज भरून वाहील काय आणि दुसरा मार्ग त्याहून स्वस्त आहे काय? दुसरा विम्याचा: तो दुसरा मार्ग उद्यां बंद पडला तर नुकसान कोणाचें? पहिल्या हिशेबांतील नफा ज्यानें घ्यावयाचा, त्यानेंच त्याचा धोका पत्करावा. तेथें लोकांच्या करांतून पैसा घालण्यास आधार नाहीं. दुसऱ्यांतील लाभ मात्र शेगडी पेटविणाऱ्या प्रत्येक घराचा असतो. त्याचा हप्ता सर्वांनीं मिळून भरणें न्याय्य होय. जो पक्ष विम्याचें भय दाखवून भाड्याचा तोटा लोकांच्या माथीं मारतो, किंवा भाड्याचा हिशेब दाखवून विमाच नाकारतो, त्याच्या आंकड्यांकडे सावधपणें पाहिलें पाहिजे.